नॉर्वे : जेथे सूर्यास्त आपणच ठरवावा लागतो



गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे नॉर्वेला जाऊन आलो. तिकिटे, व्हिसा, विमा, औषधे यांचा मी बँकेतल्या जुन्या सवयीने एक तक्ता केला होता. त्यातला एकही रकाना रिकामा उरला नाही, अशा समाधानात मी असतानाच सौ.ने एक प्रश्न विचारला आणि माझा तक्ता अपुरा ठरला. प्रश्न साधा होता. "तिकडे दिवस किती वाजता मावळतो?"

गेली बत्तीस वर्षे तिचा रात्रिभोजनत्याग आहे. मोर्शीत उन्हाळ्यात सातच्या सुमारास आणि हिवाळ्यात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, आणि आमच्या घराचे सारे वेळापत्रक त्या घटकेभोवती फिरते. मी माहिती काढली. ओस्लोत जूनमध्ये सूर्यास्त रात्री पावणेअकराच्या सुमारास. जावईबापूंनी उत्तरेकडील ट्रॉम्सो या गावी चार दिवसांचा मुक्काम ठरवला होता. तेथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग जेवायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा?"

त्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले आता युरोपात आहेत आणि आईवडिलांचे जाणेयेणे वाढले आहे. तेव्हा आधी त्या देशाची रीतसर ओळख करून घेऊ.

भूमी

नॉर्वेची मुख्य भूमी सुमारे ३ लाख २४ हजार चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे विस्ताराने दोन्ही प्रदेश जवळजवळ सारखे. आकार मात्र पळीसारखा : दक्षिणेकडे रुंद वाटी आणि उत्तरेकडे लांबच लांब दांडा. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सरळ रेषेत सुमारे पावणेदोन हजार किलोमीटर अंतर भरते. हा दांडा एके ठिकाणी इतका निमुळता होतो की समुद्रापासून स्वीडनच्या सरहद्दीपर्यंत अवघे सहा-साडेसहा किलोमीटर उरतात.

शाळेत आपण 'फियॉर्ड' हा शब्द पाठ केला होता. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले, बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला, तो फियॉर्ड. सर्वांत लांब सोग्नेफियॉर्ड समुद्रापासून २०४ किलोमीटर आत जातो. अमरावतीहून नागपूर दीडशेच्या वर किलोमीटर आहे. त्याहूनही पुढपर्यंत समुद्र डोंगरात शिरला आहे, अशी कल्पना करावी. त्याची खोली तेराशे मीटरहून अधिक आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच. ते या पाण्यात उभे केले तर वर केवळ माथ्याचा भाग दिसेल. खाड्या आणि बेटे धरून देशाची किनारपट्टी एक लाख किलोमीटरच्या वर भरते, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला घातलेल्या अडीच प्रदक्षिणा.

एवढ्या भूमीपैकी पिकाखाली आहे जेमतेम तीन टक्के. उरलेले सगळे डोंगर, खडक, जंगल, हिमक्षेत्र आणि तळी. इतक्या उत्तरेला असूनही तेथील बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत, कारण अटलांटिकमधील उष्ण सागरी प्रवाह या किनाऱ्याजवळून वाहतो. त्याच प्रवाहावरून येणारे ओले वारे पश्चिमेकडील बर्गन शहरी वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतात. आठशे-नऊशे मिलिमीटरांत वर्ष भागवणाऱ्या आम्हा वऱ्हाडकरांना ते सतत पाझरणारे आभाळ पाहून हेवाच वाटला. डोंगरावरून उतरणाऱ्या या पाण्यावरच देशाची बहुतांश वीज तयार होते.

माणसे

महाराष्ट्राएवढ्या भूमीवर माणसे किती? सुमारे ५६ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या साधारण २९ लाख होती. तिची दुप्पट करा, की झाला अख्खा नॉर्वे. महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे, तेथे सुमारे १७. राजधानी ओस्लोची वस्ती सात लाखांच्या आसपास. दर सहा माणसांत एक परदेशातून येऊन स्थायिक झालेला. मराठी कुटुंबे गणेशोत्सवाला एकत्र जमतात आणि पर्युषणात चार-पाच जैन कुटुंबे आळीपाळीने एकेका घरी बसतात, असे मुलगी सांगते.

उत्तरेकडे सामी हे मूळ निवासी लोक राहतात. रेनडियरचे कळप पाळणे हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत व्यवसाय. दीर्घ काळ शाळांमधून त्यांची भाषा मोडून काढण्याचे सरकारी धोरण होते. १९८९ मध्ये त्यांची स्वतःची प्रतिनिधिसभा कारासयोक येथे सुरू झाली आणि १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी त्या सभेत झालेल्या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. क्षमापनेचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. क्षमा मागायला राजालाही शंभर वर्षे उशीर होऊ शकतो, पण मागितली म्हणजे ती इतिहासात नोंदली जाते.

नॉर्वेजियन भाषेची लिखित रूपे दोन आहेत. एक डॅनिश राजवटीच्या काळातून उतरलेले. दुसरे इवार ओसेन या शेतकऱ्याच्या मुलाने १८४० च्या दशकात खेडोपाडी हिंडून, बोलीभाषांचे शब्द गोळा करून उभे केलेले. दोन्हींना सरकारी मान्यता आहे. शहरात वऱ्हाडी बोलताना संकोचणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

वारसा

नॉर्वेचा वारसा मुख्यतः लाकडाचा आहे. उर्नेस येथील बाराव्या शतकातील लाकडी चर्च पाहताना मला कारंजा लाड येथील काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीव कामाची आठवण झाली. धर्म वेगळे, प्रदेश वेगळे, पण लाकडावर बसून वेल फुलवणाऱ्या सुताराची एकाग्रता सारखीच. अशी मध्ययुगीन चर्चे एकेकाळी शेकड्यांनी होती. आज २८ उरली आहेत. १९०४ मध्ये उत्खननात सापडलेली ओसेबर्ग नौका नवव्या शतकातली आहे. तिच्यात दोन स्त्रियांना मोठ्या इतमामाने पुरले होते. ओस्लोतील तिचे संग्रहालय २०२२ पासून विस्तारासाठी बंद आहे. जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

आपल्या व्यापारी वाचकांनी पाहावेच असे ठिकाण म्हणजे बर्गनमधील ब्रिग्गेन ही धक्क्यावरची जुनी पेठ. १३६० च्या सुमारास हान्सा या जर्मन व्यापारी संघाने येथे आपली पेढी स्थापली आणि सुमारे चारशे वर्षे ती चालली. उत्तरेकडून सुकवलेली मासळी यायची आणि बदल्यात धान्य जायचे. माल आपल्याला पटणारा नव्हे, हे खरे. पण त्या पेढीची शिस्त पाहण्याजोगी आहे. सारी घरे लाकडाची, म्हणून गोदामात आणि राहत्या खोल्यांत दिवा-चूल पेटवायची नाही. मागच्या बाजूच्या सामाईक दालनात सर्वांनी जेवायचे, तेथेच शेकायचे. पेढीवर असेपर्यंत गुमास्त्याने लग्न करायचे नाही. एवढे करूनही १७०२ मध्ये आगीत पेठ भस्मसात झाली. पण ती पुन्हा त्याच जुन्या आखणीवर उभारण्यात आली. १९७९ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे.

दोन मराठी धागेही या देशाशी जुळलेले आहेत. १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. त्याच राजाच्या व्यापारी कंपनीने १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून जागा मिळवून तरंगंबाडी येथे किल्ला बांधला. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली आणि हे गोरे व्यापारी मराठी राजांना वार्षिक खंड भरू लागले. १८४५ मध्ये डेन्मार्कने भारतातील आपल्या वसाहती इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांना विकल्या. तोवर नॉर्वे त्या राजवटीतून सुटून स्वीडनच्या राजाखाली गेला होता. पूर्ण स्वतंत्र झाला तो १९०५ मध्ये.

दुसरा धागा रंगभूमीचा. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'ने आणलेले श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक ब्योर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर आधारलेले होते. मराठी नाटकाचे नवे वळण ज्या प्रयोगापासून मोजले जाते, त्याचे मूळ या थंड देशात आहे. नॉर्वेचे राष्ट्रगीतही याच ब्योर्नसनचे.

आणखी एक वारसा कायद्यात जपलेला आहे. मोकळ्या, पडीक वा वनभूमीवर, मग ती कोणाच्याही मालकीची असो, पायी हिंडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. १९५७ मध्ये या जुन्या रिवाजाचा कायदा झाला. तंबूही ठोकता येतो. मात्र कोणाच्या घरापासून दीडशे मीटर दूर, आणि निघताना मागे खूण ठेवायची नाही. ओस्लोहून ट्रॉनहाइमच्या जुन्या चर्चपर्यंत सुमारे ६४० किलोमीटरचा पायी यात्रेचा मार्ग आहे. पाठीवर पिशवी घेऊन मुकाट्याने चालणारे ते यात्रेकरू पाहताना आपल्या साधुसाध्वींच्या विहाराचे स्मरण झाले.

प्रवाशांसाठी

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्हिसा चालतो. चलन युरो नव्हे, क्रोनर. रोख पैशाची गरज क्वचितच पडते. महागाई विलक्षण आहे. बाहेर जेवायचे ठरवले तर प्रवासाचे अंदाजपत्रक कोसळते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. शाकाहार मिळतो, परंतु बटाटा, गाजर, कांदा यांवाचून पदार्थ मिळणे कठीण. चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरलेले असू शकते. वेष्टन वाचावे, न समजल्यास विचारावे. आम्ही खाखरे, भाजलेले पीठ, मूगडाळ आणि एक लहान कुकर नेला होता. त्या कुकरने अर्धा प्रवासखर्च वाचवला. ओस्लो ते बर्गन ही १९०९ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे सुमारे सात तासांत पठारावरील बर्फ आणि खालची फळझाडे दोन्ही दाखवते. ती चुकवू नये.

मध्यरात्रीचा सूर्य

आता ट्रॉम्सो. मोर्शी साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत आणि सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांच्या वर. निसर्गाने आपल्याला फारसे हेलकावे दिलेलेच नाहीत. ट्रॉम्सो जवळजवळ ७० अंशांवर आहे. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे साधारण २० मे ते २२ जुलै तेथे सूर्य क्षितिजाखाली जात नाही, आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी वर येत नाही. दक्षिणेकडे र्युकान नावाचे एक गाव तर इतक्या अरुंद दरीत आहे की हिवाळ्यात सुमारे सहा महिने तेथे ऊन पोहोचत नाही. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन उतरवले.

आम्ही पोहोचलो त्या रात्री अकरा वाजता मुले रस्त्यावर सायकली फिरवीत होती. ऊन कोवळे होते, सावल्या लांब होत्या, पण दिवस संपत नव्हता. जावईबापू म्हणाले, "आई, येथे सूर्यास्तच नाही. तुम्हाला केव्हाही जेवता येईल." सौ. हसली, म्हणाली, "सूर्य मावळत नाही म्हणून पोटाला सवलत मिळत नाही." तिने मोर्शीची वेळ धरली. तेथील घड्याळात सात वाजले की तिचे पान आवरलेले. पहिल्या रात्री साडेअकरा वाजता धक्क्यावर बसलो असताना माझ्या पोटात कावळे ओरडू लागले आणि मी खिशातला खाखरा काढला. सबब तयारच होती : समोर लख्ख ऊन आहे. नातवाने आजीपुढेही तुकडा धरला. तिने मान हलवली. तो म्हणाला, "आजी, पण रात्र कुठे आहे?" ती म्हणाली, "बाहेर नाही ना, मग आपण ठरवायची."

शास्त्राचा निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. अशा प्रवासाला जाणाऱ्यांनी आपापल्या गुरुमहाराजांना विचारावे. मी फक्त माझा अनुभव नोंदवतो. तो खाखरा मला गोड लागला नाही. इतकी वर्षे मी सूर्यास्तापूर्वी जेवत होतो, पण ते माझे व्रत नव्हते, घराचे वेळापत्रक होते. सूर्याचा पहारा उठताच माझी लबाडी उघडी पडली.

मुद्दल आणि व्याज

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला देश दाखवला तरी तो त्याचा ताळेबंद शोधतो. १९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क येथे नॉर्वेला तेलाचा प्रचंड साठा सापडला. मासळी, लाकूड आणि जहाजे यांवर जगणारा देश पाहता पाहता श्रीमंत झाला. अचानक आलेल्या धनाने घराणी कशी बुडतात, हे आपल्या पेठांनी पुष्कळ पाहिले आहे. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून एक निधी निर्माण केला आणि १९९६ मध्ये त्यात पहिला भरणा केला. तेलाचे सरकारी उत्पन्न या निधीत जाते, आणि तो पैसा केवळ देशाबाहेर गुंतवला जातो. तंबाखू तयार करणाऱ्या कंपन्यांना त्यात स्थान नाही. २००१ मध्ये ठरले की दरवर्षी खर्चासाठी साधारण तेवढेच घ्यायचे, जेवढे निधीचे वास्तविक उत्पन्न अपेक्षित आहे : तेव्हा चार टक्के, २०१७ पासून तीन टक्के. मुद्दलाला हात लावायचा नाही. २०२४ च्या अखेरीस हा निधी वीस लाख कोटी क्रोनरच्या जवळ पोहोचला होता; म्हणजे दर माणशी सुमारे पस्तीस लाख क्रोनर.

हे तेल कोठेतरी जळते आणि त्याचा धूर साऱ्या जगाला लागतो, हा आक्षेप रास्तच आहे आणि तेथील लोकही तो घेतात. तरीही मला त्या नियमाचे महत्त्व वाटते, कारण समुद्राने तो घातलेला नाही. आणखी तेल काढता आले असते, आणखी पैसा खर्चता आला असता, मते मागण्यासाठी तो वाटताही आला असता. अडचणीच्या वर्षी कमीजास्त करण्याची मुभा ठेवून त्यांनी मर्यादा स्वतःच आखली. आपल्याकडे याला परिग्रह-परिमाण म्हणतात. त्याच देशाच्या स्वालबार्ड बेटावर, बर्फाच्या डोंगरात, जगभरच्या पिकांचे बियाणे २००८ पासून साठवले जाते. हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने जपलेली ज्वारी, तूर आणि हरभरा यांचे वाणही तेथे आहेत. आपल्या तुरीचे मुद्दलसुद्धा नॉर्वेच्या तिजोरीत सुरक्षित आहे म्हणायचे.

मोर्शीला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी भावाच्या संत्राबागेत गेलो. मोटार चालू होती आणि नळीतून थांबत थांबत, खोकल्यासारखे पाणी येत होते. आमचा वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्याने श्रीमंत केला, आणि त्याच संत्र्यासाठी जमिनीखालचे पाणी आम्ही उपसत आणले. आज हा पट्टा 'ड्राय झोन' म्हणून ओळखला जातो. मी नोकरीला लागलो तेव्हा कर्जाचे अर्ज विहिरीसाठी येत. पुढे विहिरीतल्या आडव्या बोअरसाठी, मग उभ्या बोअरसाठी, आणि निवृत्तीच्या सुमारास सातशे-आठशे फुटांसाठी. प्रत्येक अर्जाला तारण होते, परतफेडीचा हिशेब होता, कागद चोख होते. फक्त एक रकाना नव्हता : हे पाणी व्याज आहे की मुद्दल? त्या अर्जांपैकी कित्येकांवर माझी सही आहे. नियमात बसत होते म्हणून मी केली. जसा तो खाखरा नियमात बसत होता.

सिंभोऱ्याच्या धरणात पाणी दिसते, म्हणून आपल्याला तहान लागणार नाही असे वाटते. पण जमिनीखाली सूर्यास्त होत नाही. पुरे झाले, थांबा, असे तेथे कोणी सांगत नाही. ते आपणच ठरवावे लागते. भावाने आणि मी यंदा दोन गोष्टी केल्या. आठवड्यातील दोन दिवस मोटार बंद, आणि बागेतील जुन्या कोरड्या विहिरीत पावसाचे पाणी वाळू-गिट्टीतून गाळून सोडण्याची सोय. पाणी गाळून प्यायला आजीने शिकवले होते. गाळून परत करायला आम्ही साठी ओलांडल्यावर शिकलो. याने पट्टा हिरवा होणार नाही, हे मी जाणतो. परंतु खात्यात भरणा सुरू झाला आहे.

आमच्या घरी आता संध्याकाळी सात वाजता पाने आवरली जातात. सूर्य मावळला का, हे पाहायला मी अंगणात जात नाही.